पाहुणा की परका? फिरस्त्या ख्रिस्ती प्रबोधकांचा इतिहास



हदगावच्या श्रोत्यांना फिरस्तीची महती निराळी सांगावी लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातील माहूरगडावर दत्तगुरू निद्रेला येतात, पण त्यांची भिक्षा कोल्हापूरला असते, अशी आपल्या घराघरांतील श्रद्धा आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे ज्यांचे गाव म्हणून आपण मानतो, ते नामदेव महाराज कीर्तन करीत थेट पंजाबात गेले आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात जाऊन बसली. उलट दिशेने गुरू गोविंदसिंग दक्षिणेत आले आणि १७०८ साली नांदेडच्या गोदाकाठी त्यांनी देह ठेवला. महानुभाव पंथाने तर अटन आणि भिक्षा हा संन्याशाचा आचारधर्मच ठरविला. एका गावाचा, एका घराचा लोभ जडू नये हा त्यातील हेतू. तात्पर्य, देवाचे नाव घेऊन दारात येणारा अनोळखी माणूस आपल्याला नवा नाही. त्याला पाहुणा म्हणावे की परका, हे आपण त्याच्या वागण्यावरून ठरवीत आलो आहोत.

आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे ते फिरस्ते मात्र आपल्या फारसे ओळखीचे नाहीत. ते कॅथलिक ख्रिस्ती पंथाचे. दोघे-चौघे किंवा दहाबारा जणांचे पथक करून गावोगाव हिंडावे, मुलांना आणि तरुणांना जमवावे, गाणी, गोष्टी, नाटुकली यांच्या साहाय्याने धर्म सांगावा, मिळेल त्या घरी जेवावे, झोपावे, आणि सकाळी पुढच्या गावची वाट धरावी, अशी त्यांची रीत. हिचे मूळ मार्काच्या शुभवर्तमानात आहे. येशूने आपल्या बारा शिष्यांना दोघादोघांच्या जोडीने पाठविले, तेव्हा हातात काठी असू द्या, पण भाकरी, झोळी, कमरेला पैसा यांपैकी काही घेऊ नका, असे बजाविले होते. जो शिकवावयास जातो त्याने शिदोरी नेऊ नये. ज्याला शिकवावयाचे त्याच्याच घरी त्याने जेवावे. वरवर साधी दिसणारी ही आज्ञा पाळली गेली तेव्हा काय घडले आणि मोडली गेली तेव्हा काय घडले, एवढेच मला आज इतिहासाच्या आधारे सांगावयाचे आहे.

आरंभ गोव्यापासून करावा लागतो. स्पेनच्या नवार प्रांतात १५०६ साली जन्मलेला फ्रान्सिस झेविअर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरला. नवा पोर्तुगीज गव्हर्नर ज्या गलबतातून आला त्याच गलबतातून हाही आला होता. त्याच्यापाशी पोपचा अधिकारपत्राचा कागद होता, राजाची मर्जी होती. राहण्यास उत्तम जागा मिळाली असती. परंतु तो राहिला इस्पितळात, रोग्यांच्या शेजारी. तुरुंगातील बंद्यांना भेटावे आणि मग हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने वाजवीत हिंडावे, हा त्याचा क्रम. घंटेच्या नादाने पोरे गोळा होत, गुलाम येत. त्यांना घेऊन तो देवळात जाई आणि धर्मतत्त्वे चालीवर म्हणवून घेई. पोरांच्या तोंडी गाणे बसले की ते घरी जाते, शेतात जाते, पाणवठ्यावर जाते. आपल्याकडे अक्षरही न येणाऱ्या बायांना ज्ञानेश्वरांच्या ओव्या पाठ असतात, त्यामागेही हेच मर्म आहे. हिंदुस्थानात मुलांना जमवून गाण्याने धर्म शिकविण्याची कॅथलिकांची रीत येथून सुरू झाली म्हटले तरी चालेल.

पुढे तो तमिळ किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या परवा कोळ्यांमध्ये गेला. भाषा येत नव्हती. दुभाष्यांना बसवून त्याने प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेतल्या, पाठ केल्या, आणि गावोगाव घंटा वाजवीत त्या म्हणत निघाला. १५४४ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की बाप्तिस्मा देऊन देऊन कधी कधी हात भरून येतात. आजाऱ्यांच्या घरी तो स्वतः पोहोचू शकत नसे. तेथे मुलांना पाठवी, आणि मुले जाऊन प्रार्थना म्हणत. माणूस कष्टाळू होता, निरिच्छ होता, याविषयी शंका नको. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दाराशी एका बेटावर तो वारला, तेव्हा त्याचे वय अवघे ४६ वर्षांचे होते.

पण इतिहासकाराने चित्राची एकच बाजू दाखवून चालत नाही. हीच मुले आपल्या वडीलधाऱ्यांच्या मूर्तिपूजेची वार्ता आणतात, मूर्ती फोडतात, हेही झेविअरच्या पत्रांत समाधानाने नमूद आहे. गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापावे अशी मागणी १५४६ साली राजाकडे करणाऱ्यांत तो होता. त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये ते स्थापन झाले आणि मधला अल्प खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. इस्पितळात रोग्याच्या शेजारी झोपणारा माणूस आणि राजाकडे शासनाचे हत्यार मागणारा माणूस एकच होता. झोळीवाचून निघालेल्या पांथस्थाच्या मागे राजाचे आरमार उभे होते, आणि त्या आरमाराची सावली त्याच्या घंटेवर पडली होती.

ती सावली किती गडद झाली हे साष्टी प्रांतातील कुंकळ्ळी गावाने पाहिले. देवळे पाडली गेली होती. गावकरी संतापलेले होते. १५८३ च्या जुलैत तेथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांतील एक रुदॉल्फ अक्वाव्हिवा हा अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करून आलेला विद्वान होता. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने बोलावून ठार मारण्यात आले. दोन्ही बाजूंची माणसे मेली. ज्या वाटेने पाहुणा यावयाचा त्या वाटेने परका आला, म्हणजे असे होते.

याच साष्टीत, याच काळात, एक इंग्रज जेझुइट हिंडत होता. थॉमस स्टीफन्स त्याचे नाव. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी तो गोव्यात पोहोचला, तेव्हा तिशीतला तरुण होता. पुढची ४० वर्षे त्याने बहुतेक साष्टीच्या खेड्यांत काढली आणि १६१९ मध्ये तो येथेच वारला. कुंकळ्ळीत आपले सहकारी मारले गेल्यावर त्यांचे देह मिळविण्याच्या कामी तो होता. या घटनेनंतर एखादा मनुष्य अधिक कठोर झाला असता. स्टीफन्स मात्र मराठी शिकला. नुसती बोलण्यापुरती नव्हे; ओवीछंद हाताशी येईपर्यंत, पुराणिकाची शैली अंगात मुरेपर्यंत शिकला. १६१६ साली रायतूर येथे त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा तो ग्रंथ. देवनागरी खिळे नव्हते म्हणून तो रोमन लिपीत छापावा लागला. मराठीची थोरवी गाणारे त्यातील उद्गार तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात.

या ग्रंथाच्या जन्माची कथा त्यानेच आरंभी सांगितली आहे आणि ती मनन करण्यासारखी आहे. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वाचू देत नाही. मग वेळ घालवावयास, मन रमवावयास आम्ही वाचावे काय? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण. श्रोतेहो, या प्रश्नात एका समाजाची केवढी व्यथा आहे! आधी पोथी काढून घेतली, मग पोथीवाचून लोक कासावीस झाले, आणि तेव्हा कोठे शिकविणाऱ्याला कळले की शिकविण्याची रीत या मातीतूनच घ्यावयास हवी. देवळात उपासना झाल्यावर हे पुराण वाचले जाऊ लागले. गोव्याहून जी ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस मंगळूरकडे गेली, त्यांनी त्याची हस्तलिखिते जपली. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेवरच बंदीचा हुकूम काढला, तरी ते पुराण लोकांच्या ओठांवरून गेले नाही. १९०७ मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून ते देवनागरीत आणले. ज्या राज्याने हुकूम काढला ते राज्य १९६१ साली गोव्यातून गेले, ओव्या राहिल्या.

आता मी ज्या पथकाकडे वळतो, ते माझ्या मते या सबंध परंपरेतील सर्वांत शिकविण्याजोगे आहे. ते परदेशी नव्हते, आपल्याच कोकणपट्टीचे होते. त्या वेळी युरोपीय धर्मसंघ गोव्यातील एतद्देशीयांना बहुधा आपल्यात घेत नसत. धर्म एक, पण पंगत निराळी! तेव्हा काही गोमंतकीय धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात आपला स्वतंत्र संघ उभारला. १६८५ मध्ये त्यास जोसेफ वाझ येऊन मिळाला. बाणावलीला २१ एप्रिल १६५१ रोजी जन्मलेला, सांकवाळच्या सारस्वत वंशातील हा तरुण १६७६ मध्ये धर्मगुरू झाला होता आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर काही वर्षे काम करून परतला होता.

त्या काळी सिलोनच्या किनाऱ्यावर डच लोकांचे राज्य होते. डच प्रोटेस्टंट, त्यांनी १६५८ मध्ये पोर्तुगीजांना हाकलून दिले आणि कॅथलिक धर्मगुरूंना बेटावर बंदी केली. तेथील कॅथलिक कुटुंबे गुरूवाचून राहिली. वाझने तिकडे जाण्याचे ठरविले. मागे राजा नाही, आरमार नाही; उलट पकडले तर शिक्षा. आपल्या घरच्या जुवांव नावाच्या एका तरुणाला सोबत घेऊन तो निघाला आणि १६८७ मध्ये जाफन्यास उतरला. धर्मगुरूचा वेष टाकून त्याने हमालाचा वेष घेतला होता, पाय अनवाणी. वाटेत दोघांनाही हगवण लागली. जाफन्यात ओळखीचे कोणी नाही. कॅथलिक कोण हे विचारावयाची सोय नाही. तेव्हा त्याने गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागू लागला. कोणाची नजर माळेवर थबकते, हे तो पाहत असे. नजर थबकली तर ते घर आपले.

मार्काच्या शुभवर्तमानातील ती आज्ञा येथे अक्षरशः पाळली गेली. भाकरी नाही, झोळी नाही, आणि ज्याला धर्म सांगावयाचा त्याच्याच दारात हात पसरलेला. पुढचे आयुष्य कसे गेले? दिवसा लपावे, रात्री कोणाच्या घरी प्रार्थनेस जमावे, पहाटे गाव सोडावे. तमिळ शिकला. कँडीच्या राज्यात शिरला तो पोर्तुगीजांचा हेर समजून १६९२ मध्ये पकडला गेला. कैदेत सिंहली शिकला. कँडीचा राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध. हा मनुष्य हेर नव्हे, साधू आहे, अशी त्याची खात्री पटली आणि त्याने त्यास मोकळीक दिली. ख्रिस्ती डचांनी ज्या ख्रिस्ती गुरूस हाकलले त्यास बौद्ध राजाने आसरा दिला! धर्मांच्या इतिहासात अशी पाने थोडी असली तरी ती डोळ्यांआड करू नयेत.

१६९६ पासून गोव्याचे इतर तरुण धर्मगुरू येऊन मिळाले आणि एकाचे पथक झाले. बेटाचे भाग वाटून घ्यावेत, आपापल्या भागात पायी फेऱ्या घालाव्यात, अशी त्यांची पद्धत. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक घरे टाकून पळाले. मुलांनी बापास, नवऱ्यांनी बायकांस सोडले. वाझ आणि त्याचा भाचा फादर कार्व्हाल्यो मागे राहिले. रोगी ख्रिस्ती आहे की बौद्ध हे न पाहता त्यांनी शुश्रूषा केली, प्रेते पुरली. याच पथकात १७०५ मध्ये दिवाडी बेटावरचा याकोम गोन्साल्विस हा तरुण येऊन मिळाला. त्याने सिंहलीत आणि तमिळमध्ये ग्रंथ लिहिले, गीते रचली. सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचा जनक म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते. स्टीफन्सने साष्टीत जे केले तेच या गोमंतकीयाने लंकेत केले.

जोसेफ वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारला. २३ वर्षे तो बेटावर होता आणि गोव्यास परत गेला नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोला पोप फ्रान्सिस यांनी त्यास संत म्हणून घोषित केले. एवढे खरे की, राजाश्रयाने आलेल्यांनी गोव्यात जी जखम ठेवली ती अजून कोठे कोठे ठसठसते. भिक्षेवर जगलेल्या वाझविषयी मात्र लंकेत वैराचा शब्द सहसा निघत नाही.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. आज फ्रान्समध्ये असलेल्या अ‍ॅनसी गावी स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू १८४५ मध्ये हिंदुस्थानात आले. विशाखापट्टण, नागपूर असे करीत त्यांचे पाऊल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यातील औरंगाबादच्या भागात पडले. शेजारच्या नगर जिल्ह्यात जर्मन जेझुइट संगमनेर, केंदळ अशा ठिकाणी हिंडत होते. घोड्यावर किंवा बैलगाडीत पथारी आणि उपासनेचे साहित्य घालावे, आठपंधरा दिवसांची फेरी काढावी, गावकुसाबाहेरच्या वस्तीत मुक्काम करावा, असे त्यांचे दिवस. त्यांच्याबरोबर, किंबहुना त्यांच्या पुढे, असे तो मराठी मास्तर. आठवडाभर शाळा चालवावी, रविवारी प्रार्थना घ्यावी, सणाला पेटी-तबल्यावर भजन बसवावे, धर्मगुरू येणार असले की वस्तीत वर्दी द्यावी. मुख्य उपासना तेव्हा लॅटिनमध्ये होई, त्यामुळे लोकांच्या कानी पडे आणि मनी राही ते मास्तरांचे मराठीच. या मास्तरांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडतील. पण खरे फिरते प्रबोधक तेच होते.

१९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' नावाचे मराठी मासिक काढले. नाव किती समर्पक! जेथे माणूस पोहोचत नाही तेथे निरोप पोहोचावा. डोरिंग पुढे १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि जर्मन धर्मगुरू एका दिवसात शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांना नजरकैदेत घातले आणि पुढे 'गोलकोंडा' नावाच्या बोटीने मायदेशी पाठविले. डोरिंग यांना तर काही वर्षे जपानात हिरोशिमाची जबाबदारी सांभाळावी लागली. नंतर ते पुण्यास परतले. ज्या साम्राज्याच्या छत्राखाली हे लोक आले असे आपण म्हणतो, त्याच साम्राज्याने त्यांना गाशा गुंडाळावयास लावला. त्या काळात जे टिकले ते मराठीत रुजलेलेच टिकले, आणि 'निरोप्या'ने पुढे शंभरी ओलांडली.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या वस्त्यांत हे लोक गेले तेथे दुष्काळ होता, अस्पृश्यता होती. शाळा, औषध, धान्य यांच्या हाताने धर्म दिला गेला नाही काय? हा आक्षेप केवळ रस्त्यावरचा नाही. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९५६ च्या अहवालात तिने आमिषाने होणाऱ्या धर्मांतरावर कडक ठपका ठेवला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की, घटनेच्या २५ व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा नव्हे. दुसऱ्या बाजूने हेही ध्यानी घ्यावे की, गावकुसाबाहेरच्या ज्या माणसाला आपल्या शाळेच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्याने आपल्या मुलाचा हात धरून वर्गात बसविणाऱ्याला आपला मानले, यात नवल ते काय? आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर ख्रिस्ती झालेल्यास अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. तरीही जे त्या श्रद्धेत राहिले ते सारेच आमिषाने राहिले असे म्हणणे त्यांच्या बुद्धीचा अवमान होईल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकदम मनात धरण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

खुद्द कॅथलिक धर्मसभेलाही हा विचार करावा लागला. रोम येथे १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. १९६३ मध्ये तिने उपासना लोकभाषेत करण्यास मोकळीक दिली. म्हणजे स्टीफन्सने ओळखलेली गोष्ट साडेतीनशे वर्षांनी रोमने मान्य केली. ७ डिसेंबर १९६५ च्या घोषणापत्रात तर धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, असे तिने स्पष्ट सांगितले. कुंकळ्ळीच्या दृष्टीने ही घोषणा फार उशिरा आली, पण आली. पुढे १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि आपला नांदेड जिल्हाही त्यात आला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. मराठवाड्याच्या मातीत एका ख्रिस्ती धर्मगुरूला मराठीचा मानकरी म्हणून बसविले गेले, याचे श्रेय स्टीफन्सपासून त्या अनाम मास्तरांपर्यंत साऱ्यांकडे जाते.

या नव्या काळात फिरत्या पथकांचे रूपही पालटले. आता निघतात ते बहुधा धर्मगुरू नव्हेत, तर कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले साधे तरुण-तरुणी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९८१ मध्ये 'नेट मिनिस्ट्रीज' या नावाने एक संस्था निघाली. अठरा ते अठ्ठावीस वर्षांची मुले-मुली नऊ महिने घर सोडतात, दहाबारा जण एका मोटारगाडीत सामान भरतात आणि शाळांतून, चर्चमधून शिबिरे घेत हिंडतात. गाणी, नाटुकली, स्वतःच्या आयुष्यातील अनुभव, मग लहान गटांत बसून गप्पा, असा त्यांचा कार्यक्रम. मुक्काम धर्मशाळेत नाही, खानावळीत नाही. रोज निराळ्या कुटुंबात. खर्चाचा वाटाही स्वतः लोकांकडे हात पसरून उभा करावयाचा. आपल्याकडे केरळात १९८० नंतरच्या दशकात 'जीझस यूथ' ही चळवळ वाढली. तिच्यात एक वर्ष पूर्ण वेळ देणारे तरुण-तरुणी देशभर जातात. २०१६ मध्ये रोमने तिला आंतरराष्ट्रीय संघटना म्हणून मान्यता दिली.

या आयुष्याचे बाहेरून आकर्षण वाटते, पण ते सोपे नव्हे. रोज नवे घर, नवी चूल, नवी पांघरुणे. यजमानाने वाढले ते आवडो न आवडो आनंदाने खावयाचे. घरचा मनुष्य रात्री बोलत बसला तर डोळ्यांत झोप असली तरी ऐकावयाचे. सकाळी पुन्हा तेच गाणे, तेच नाटुकले, पण समोरच्या मुलांना ते पहिलेच, म्हणून पहिल्याच उत्साहाने. एकाच गाडीत दहा स्वभाव; कोणी अबोल, कोणी तापट. जगाला प्रेम सांगावयास निघालेल्यांना आधी शेजारच्या आसनावरील सोबत्याशी निभावून घ्यावे लागते. आपल्याकडील लोकांना यात अपरिचित असे काही वाटू नये. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांच्या मेळ्यात हेच केले होते. त्यांचा संदेश स्वातंत्र्याचा आणि समतेचा, यांचा येशूचा. पण पेटी खांद्यावर घेऊन गावोगाव जाणे तेच, कार्यकर्त्याच्या घरची भाकरी तीच, आणि पंचविशीच्या आत आपले आयुष्य कोठे वेचावे याचा शोधही तोच. आषाढात दिंडीबरोबर चालणाऱ्या आपल्या पोरांना विचारा. वाटेत कोणाच्या ओसरीवर कसे निजलो, हे ती पंढरपूरच्या दर्शनाइतक्याच प्रेमाने सांगतील.

श्रोतेहो, हा एवढा इतिहास मी सांगितला तो ख्रिस्ती धर्माची स्तुती करण्यासाठी नव्हे, निंदेसाठीही नव्हे. धर्म, पंथ, पक्ष, विचार यांचे निरोप घेऊन तरुणांची पथके आज आपल्या तालुक्याच्या गावातही येतात आणि आपलीही मुले अशा पथकांतून बाहेर जातात. येणाऱ्याला कसे पारखावे आणि जाणाऱ्याने कसे वागावे, याचे माप या इतिहासात आहे. तो कोणाची भाकरी खातो, हे पाहावे. मागे सत्ता किंवा थैली घेऊन आलेल्याला आपल्या भाकरीची गरज नसते आणि म्हणून आपल्या मताचीही पर्वा नसते. त्याने आपली भाषा शिकण्याचे कष्ट घेतले काय, हे पाहावे. जो आपले शब्द शिकतो तो आपले दुःखही थोडेफार शिकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याला 'नाही' म्हटले तर तो हसून पुढच्या दारी जातो काय, हे पाहावे. येशूने आपल्या शिष्यांना सांगितले होते की, ज्या गावात स्वागत होणार नाही तेथून पायांची धूळ झटकून निघा. पायांची धूळ झटका असे सांगितले. गावावर शिपाई आणा असे नव्हे. गोव्यात ही गोष्ट विसरली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची कटुता निर्माण झाली. लंकेच्या जंगलवाटांवर ती पाळली गेली, आणि एका बौद्ध राजाने ख्रिस्ती भिक्षेकऱ्याला आपल्या राज्यात मोकळे हिंडू दिले.

ज्या गावाने शतकानुशतके गोसावी, महानुभाव, वारकरी, फकीर आणि शीख यात्रेकरू यांना पाणी पाजले, त्याला परका आणि पाहुणा यांतील भेद ओळखणे कठीण जाऊ नये. आपल्या घरून जी तरुण मुले उद्या एखादा निरोप घेऊन निघतील, त्यांच्या झोळीत आपण फार काही घालू नये. काठी द्यावी, आणि ज्या गावी जाशील तेथली भाषा आधी शीक, एवढे सांगून निरोप द्यावा.